हेल्मेटखालील चष्मा : काडीच्या इतिहासाचा एक मागोवा

प्रस्तावना

चष्म्याचा इतिहास बहुधा भिंगाचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. काचेची शुद्धता, भिंग घासण्याचे कसब, दूर व जवळचे एकाच चष्म्यातून दाखविणारे द्विनाभीय भिंग या टप्प्यांनी हा इतिहास सांगितला जातो आणि चष्मा कानावर पेलणाऱ्या काडीच्या वाट्याला त्यात एखादे वाक्य येते. दुचाकीस्वाराच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटतो. हेल्मेटखाली वापरावयाचा चष्मा सोयीचा की गैरसोयीचा, हे भिंगाच्या क्रमांकावर ठरत नाही. ते काडीच्या जाडीवर, लांबीवर व वळणावर ठरते. डोके झाकणाऱ्या साधनांनी चष्म्याच्या काडीला कसा आकार दिला आणि हा अनुभव सामान्य दुचाकीस्वारापर्यंत का पोहोचला नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

काडीविना चष्मा

चष्म्याचा उगम उत्तर इटलीत इ. स. १२८६ च्या सुमारास झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जिओर्दानो दा रिव्हाल्तो या धर्मोपदेशकाने १३०६ मध्ये फ्लॉरेन्स येथील प्रवचनात ही कला निघून वीस वर्षेही झालेली नाहीत असा उल्लेख केला. त्यावरून हा काळ ठरविला जातो. त्रेव्हिझो येथे तोमासो दा मोदेना याने १३५२ मध्ये रंगविलेल्या भित्तिचित्रातील धर्मगुरूच्या नाकावर चष्मा दिसतो, पण त्याला काड्या नाहीत. भारतातील चष्म्याच्या इतिहासाचा पाया पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी घातला. सोमनाथ कवीच्या 'व्यासयोगिचरित' या संस्कृत ग्रंथात विजयनगरच्या व्यासरायांच्या संदर्भात आलेल्या चष्म्याच्या उल्लेखाकडे त्यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. हा उल्लेख सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. या सर्व काळात चष्मा हे बैठकीचे साधन होते. पोथी वाचताना तो नाकावर ठेवायचा किंवा हाताने धरायचा. धावत्या घोड्यावर तो टिकणे शक्यच नव्हते.

पहिल्या कडक काड्या अठराव्या शतकात लंडनमध्ये आल्या. एडवर्ड स्कार्लेट या चष्मेकाराच्या १७३० च्या सुमाराच्या जाहिरातपत्रकात त्या दिसतात. त्यांची टोके कानामागे जात नसत. टोकाशी असलेली वळी कानशिलावर दाबून बसे आणि त्या दाबावर चष्मा तोलला जाई. कृत्रिम केसांचे टोप वापरणाऱ्या समाजात ही रचना सोयीची होती. डोक्यावरील आवरण आणि काडी यांचा संबंध असा अगदी आरंभापासूनचा आहे. १७५२ मध्ये जेम्स आयस्कॉफ याने दुहेरी बिजागरीच्या, डोक्यामागे वळणाऱ्या काड्यांची जाहिरात केली. एकोणिसाव्या शतकात कानाच्या पाळीला मागून वेढणारी, आकड्यासारखी वळलेली लवचिक काडी प्रचारात आली. इंग्रजीत या काडीला घोडेस्वारीवरूनच नाव मिळाले. घोड्याच्या उड्यांनी चष्मा निसटू नये, हा तिचा हेतू होता आणि तो उत्तम साधला. स्वारासाठीच घडविलेली ही काडी पुढे दुसऱ्या प्रकारच्या स्वाराला नडली, हे या इतिहासातील विशेष.

मुखवटा आणि चपटी काडी

२२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने मोठ्या प्रमाणावर क्लोरीन वायू सोडला आणि वायुरोधक मुखवटा हे सैनिकाचे आवश्यक साधन बनले. पुढे रबरी मुखवटे आले. त्यांची कड गालाला व कानशिलाला घट्ट चिकटली तरच त्यांचा उपयोग. नेहमीच्या चष्म्याची काडी या कडेखालून बाहेर गेली की तिथे बारीक फट राहते, आणि विषारी वायूला तेवढी पुरते. चष्म्याशिवाय शत्रू दिसत नाही आणि चष्म्यासह मुखवटा बंद होत नाही, असा हा पेच होता.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यावर उत्तर निघाले होते. जर्मन सैन्याने मुखवट्याखाली घालण्याचा स्वतंत्र चष्मा सैनिकांना दिला. त्याच्या काड्या चपट्या असत आणि कानामागे धातूच्या आकड्याऐवजी मऊ कापडी फास असे. ब्रिटिश सैन्यातही मुखवट्यासाठी चपट्या काड्यांचा गोल चष्मा होता. डोक्यावरील आवरण आणि चष्मा ही एकाच गरजेची दोन अंगे आहेत, हे येथे शासनसंस्थेने मान्य केले व खर्चही स्वतः उचलला. सैनिकाला दुकानात जाऊन स्वतःची काडी निवडावी लागली नाही.

वैमानिकांच्या बाबतीतही हेच घडले. अमेरिकन ऑप्टिकल या कंपनीने १९५८ च्या सुमारास अमेरिकी हवाई दलासाठी तयार केलेल्या चष्म्याच्या काड्या सरळ, पातळ व संगिनीसारख्या होत्या. कानामागे वळण नसल्याने शिरस्त्राण डोक्यावर असतानाच त्या कानशिलाजवळच्या फटीतून आत सरकवता येत व तशाच बाहेर काढता येत. आधी शिरस्त्राण, मग चष्मा, हा क्रम या काडीमुळे शक्य झाला.

दुचाकीस्वाराचे हेल्मेट

मोटारसायकलच्या हेल्मेटचा इतिहास याच्या समांतर, परंतु स्वतंत्रपणे घडला. ब्रुकलँड्स येथील डॉ. एरिक गार्डनर यांच्या प्रयत्नांतून १९१४ मध्ये आइल ऑफ मॅनच्या शर्यतीत स्पर्धकांना हेल्मेट सक्तीचे झाले. लाख व कॅनव्हास यांचे ते कवच होते. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडले व १९ मे रोजी डोक्याच्या इजेने मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत असलेले मेंदूशल्यचिकित्सक ह्यू केअर्न्स यांनी पुढे या विषयाचा पाठपुरावा केला. १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व मागे बसणारे रस्त्यावर मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्यांना केवळ सात आढळले आणि ते सातही वाचले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

त्या काळचे हेल्मेट उलट्या वाडग्यासारखे असे. टणक कवच कानाच्या वर संपे व कानावर फार तर चामड्याची पट्टी येई. घोडेस्वाराची आकडेवाली काडी त्याखाली निर्धास्त बसत असे. म्हणूनच केअर्न्स यांच्या काळात चष्म्याचा प्रश्न उग्र नव्हता.

प्रश्न उभा राहिला तो अमेरिकेत, आणि सुरक्षिततेत झालेल्या खऱ्या प्रगतीमुळे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी संबंधित रॉथ व लोंबार्ड यांना १९५३ मध्ये आघाताची ऊर्जा शोषणाऱ्या अस्तराच्या हेल्मेटचे पेटंट मिळाले. धडकेच्या वेळी हे अस्तर चेपते व चेपताना ऊर्जा खर्च करते. त्यासाठी ते डोक्याला सर्व बाजूंनी लागून असावे लागते. १९५४ मध्ये बेल कंपनीचे कान झाकणारे हेल्मेट बाजारात आले आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हनुवटीसह संपूर्ण चेहरा वेढणारे हेल्मेट आले. कानशिलापाशी आता मोकळी जागा उरली नाही. आकडेवाली काडी हेल्मेट घातल्यावर कानामागे जाऊ शकत नाही. आधी चष्मा घातला तर हेल्मेट खाली ओढताना तो वेडावाकडा होतो. नेमक्या त्याच वर्षांत जाड ॲसिटेटच्या रुंद काड्यांच्या चौकटी लोकप्रिय होत्या. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते. त्यावर अस्तराने दाबलेली जाड काडी अर्ध्या तासात डोके दुखवते. चष्मा वापरणाऱ्या स्वाराला मग दोहोंपैकी एक काढावेसे वाटते, आणि बहुधा हेल्मेटच उतरते; ते कोपरात अडकवून जाणारे स्वार आपल्या रस्त्यांवर परिचयाचेच आहेत.

दृष्टीच्या व्याप्तीचा मुद्दाही येथे येतो. १९७४ मध्ये लागू झालेल्या अमेरिकी मानकानुसार हेल्मेटच्या उघड्या भागातून मध्यप्रतलाच्या प्रत्येक बाजूस किमान १०५ अंश दृष्टी मोकळी राहिली पाहिजे. ही अट कवचाला लागू आहे. कवचाने मोकळे ठेवलेले हे क्षेत्र रुंद काडी आतून झाकते आणि कोणत्याही चाचणीत ते मोजले जात नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीला वेळोवेळी जो विरोध झाला, त्यात उकाडा, मानेवरचा भार, ऐकू न येणे यांबरोबर बाजूचे दिसत नाही ही तक्रारही असे. चष्मा वापरणाऱ्यांच्या बाबतीत या तक्रारीचा काही वाटा हेल्मेटचा नसून चौकटीचा असणार, हे विरोधकांनी वा समर्थकांनी तपासले असते तर वादाला थोडी वेगळी दिशा मिळाली असती.

हेल्मेट उत्पादकांकडून एक उत्तर १९८१ मध्ये आले. जर्मनीत बीएमडब्ल्यूने हनुवटीचा भाग वर उचलता येणारे हेल्मेट बाजारात आणले. त्यात चष्मा घालणे व काढणे सोपे झाले. पुढे काही कंपन्यांनी गालाच्या गाद्यांमध्ये काडीसाठी खाच ठेवण्यास सुरुवात केली. भिंगाच्या बाजूने पाहता, अमेरिकेत १९७२ पासून आघातरोधक भिंगे बंधनकारक झाली आणि काचेची जागा प्लॅस्टिक व पॉलीकार्बोनेट यांनी घेतली. फुटलेल्या काचेचे कण डोळ्यात जाण्याचा धोका त्यामुळे बराच घटला. बंद हेल्मेटमध्ये उच्छ्वासाची वाफ थंड भिंगावर साचते, ही अडचण मात्र उरली. पावसाळ्यात पुढची काच खाली असताना ती अधिक जाणवते. भिंगावरील लेप व हनुवटीकडील झडप यांनी ती कमी होते, संपत नाही.

भारतीय कायदा आणि चष्म्याचे दुकान

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ ने दुचाकीस्वाराला हेल्मेट आवश्यक केले. पगडी धारण करणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. म्हणजे डोक्यावर आधीच काय आहे, याचा विचार कायद्याने एका बाबतीत जरूर केला. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाच्या भंगासाठी १,००० रुपये दंड व तीन महिन्यांसाठी अनुज्ञप्ती निरर्ह ठरविण्याची तरतूद आली. हेल्मेटच्या दर्जासाठी भारतीय मानक ४१५१ आहे व जून २०२१ पासून मानकचिन्हाविना दुचाकीस्वाराच्या हेल्मेटची विक्री करता येत नाही. सक्ती, दंड व दर्जा या तिन्ही बाजू अशा रीतीने बांधल्या गेल्या. डोके व हेल्मेट यांच्यामध्ये जी काडी येते तिची निवड मात्र सर्वस्वी ग्राहकावर सोडलेली आहे.

ही निवड कशी करावी, याचे उत्तर वरील इतिहासातच मिळते. काडी सरळ, पातळ व चपटी हवी. कानामागे वळण नाममात्र हवे. कानाच्या किंचित मागे संपणारी आखूड काडी लांब काडीपेक्षा बरी, कारण अस्तर लांब काडीला मागून पुढे ढकलते. बिजागरीचा भाग बाहेर फुगलेला नसावा. चाळिशी उलटलेल्या स्वाराने द्विनाभीय भिंगाचाही विचार करावा. जवळचा भाग पुस्तकाच्या अंतरासाठी असतो आणि वेगमापक त्याहून बराच दूर असतो. शिवाय झुकून बसणारा स्वार भिंगाच्या वरच्या भागातूनच रस्ता पाहतो. यातले काहीही उघड्या डोक्याने आरशासमोर बसून कळत नाही. हेल्मेट दुकानात नेऊन, ते घालून, चौकट आत सरकवून दहा-पंधरा मिनिटे बसणे हीच खरी चाचणी. असा ग्राहक दुकानात क्वचितच येतो आणि दुकानदारही तसे सुचवत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ मध्ये अर्जदाराला स्वच्छ उजेडात २५ मीटरवरून मोटारीची क्रमांकपट्टी ओळखता येते का, असे विचारण्यात आले. चष्मा असल्यास तो लावून, असा खुलासाही कंसात केला गेला. हेल्मेट घालून, असा उल्लेख त्यात केलेला नव्हता.