दार आजोबांचं, गाडी भाड्याची

आमच्या घराण्यात आजवर स्वतःची मोटार झालेली नाही. मोटारीचा इतिहास मात्र भरपूर आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींची भगवी मेबॅक अजूनही दसऱ्याला बाहेर पडते आणि सारं गाव तिला बघायला लोटतं. आमची सीमोल्लंघनं टांग्यातून झाली. वसईचा किल्ला चिमाजी अप्पांनी 1739 साली घेतला खरा, पण वसई रोड स्टेशन ते पापडी हा मुलूख त्यानंतरही कितीतरी वर्षं घोड्याच्याच ताब्यात होता.

तिकडे मुंबईत 1898 सालीच मोटारी उतरल्या होत्या. 1928 मध्ये जनरल मोटर्सनं शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. मग आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी मनावर घेतलं. (मी पापडीचा, ते सोलापूरचे, पण मोठ्या माणसाला ‘आमचे’ म्हणायला पैसे पडत नाहीत.) जहाजं झाली, विमानं झाली, आता मोटारच राहिली होती! 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला सुटे भाग अमेरिकेहून खोक्यांत भरून यायचे, ते इथं जोडायचे.

या गाड्यांची एक गंमत मला व्यवसायामुळे फार आवडते. पन्नाशीच्या दशकात डॉज किंग्जवे, प्लिमथ सवॉय आणि डी सोटो डिप्लोमॅट अशा तीन भारदस्त गाड्या रस्त्यावर होत्या. डॉजवाला शेठ प्लिमथवाल्या शेठकडे जरा तिरक्या नजरेनं बघायचा. आतून गाडी एकच! जाळी वेगळी, बिल्ला वेगळा, नाव वेगळं. एकाच माणसानं तीन नावांनी खाती उघडली तर आम्ही त्याला मॅनेजरच्या केबिनमध्ये बसवून घेतो. मोटारीनं केलं की प्रतिष्ठा.

आमचे आजोबा 1949 मध्ये त्या कारखान्यात लागले. काम दारं बसवायचं. पहाटे पापडीहून निघायचं, वसई रोडला गाडी धरायची, दादरला पूल ओलांडून कुर्ल्याची गाडी. दिवसभर तिन्ही नावांच्या गाड्यांना दारं लावायची आणि रात्री घरी येऊन आपलं फुगलेलं दार खांद्यानं ढकलायचं. दार बरोबर बसलंय की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळतं, असं ते म्हणत. आजी म्हणे, “मग घरचं ऐकू येत नाही वाटतं.”

इथं सरकारचा उल्लेख केला पाहिजे, कारण आमच्या लग्नकार्यांवर त्याचे फार उपकार आहेत. 1953 साली टॅरिफ कमिशननं शिफारस केली, की ज्यांना इथं गाडी बनवायची नाही, नुसती जोडायची आहे, त्यांनी तीन वर्षांत गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स 1954 मध्ये गेली. बाहेरून गाडी आणायची तर परवाना आणि जबर जकात. साडेसतरा फुटी इम्पाला यायच्या त्या वकिलातींसाठी नाहीतर नटांसाठी. बाकीच्यांना तेरा फुटी फियाट, तीही नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर. 1974 साली तिचं बारसं होऊन ती प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून उतरली. हिच्यात आम्ही सगळेच बसलो आहोत, त्यामुळे तिचं कौतुक नाही.

तर मुद्दा असा, की मोठ्या गाड्या नव्या येईनात आणि जुन्या कोणी सोडेना. परदेशात गाडी म्हातारी झाली की भंगारात जाते. आपल्याकडे ती लग्नात जाते. कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला, दरवर्षी मालमत्तेची किंमत उतरवायची. या गाड्यांनी ते पुस्तक खोटं पाडलं. पोटात डिझेल इंजिन घालायचं, वर रंग द्यायचा, टपावर गोंड्याच्या माळा सोडायच्या, आणि वीस वर्षांची डॉज नवरीपेक्षा जास्त मिरवायची.

1975 साली माझ्या वडिलांच्या लग्नात अशीच एक डॉज मुंबईहून भाड्यानं आली. वऱ्हाड जायचं होतं आगाशीला. पुढच्या सलग सीटवर ड्रायव्हर धरून चार, मागं सात, त्याखेरीज मांडीवरची पोरं हिशेबात नाहीत. वरमाई म्हणून आजी खिडकीत. माझी आत्या करवली, ती दुसऱ्या खिडकीत. या दोन खिडक्यांवरून जे झालं त्यापुढे वसईचा तह सोपा होता. आजोबांनी आपली जागा पाय दुखणाऱ्या थोरल्या भावाला दिली. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, लावलं, म्हणाले, “बसलंय.” आणि स्वतः वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये चढले.

आजीनं हे पुढं तीस वर्षं ऐकवलं. “वरबाप ट्रकमध्ये! जन्मभर दारं लावली आणि एकदासुद्धा आत बसले नाहीत.” आजोबा हसायचे. 1998 मध्ये ते गेले, तेव्हाही भेटायला येणाऱ्यांना आजी हेच सांगत होती.

2006 साली जुनं घर उतरवताना माळ्यावर आजोबांची लग्नखर्चाची वही सापडली. हिशेबाची वही दिसली की मी पहिल्या पानापासून तपासतो, त्याला इलाज नाही. मांडव, बँड, गोंड्याची फुलं, मोटार भाडं. बेरीज चोख. शेवटच्या पानावर मात्र दोन नोंदी होत्या, ज्यांचं कारण लागेना:

‘मोटार, पापडी ते स्टेशन, माणूस 1 — रु. 3.’

‘टांगा, स्टेशन ते घर — रु. 0.50.’

आजीला विचारलं. तिला आठवत होतं, की नवरानवरी घरी आल्यावर मोटार मुंबईला परत निघाली आणि त्याच सुमारास ‘हे’ तास-दीड तास कुठंतरी गायब होते. तिला वाटलं, बँडवाल्यांना पोचवायला गेले. स्टेशनवर त्या रात्री काही काम? काहीच नव्हतं.

तिनं वही हातात घेतली, चष्मा लावला, दोन्ही ओळी दोनदा वाचल्या. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

“तीन रुपये? अरे, टांगा आठ आण्यात येतो, हे स्वतःच खाली लिहिलंय बघ!”