कालनोंदीतील सूक्ष्मता : डेटाबेसच्या इतिहासातील एक प्रश्न

प्रस्तावना :
इतिहासलेखनात कालनिश्चितीला अनन्यसाधारण महत्त्व आहे. आज प्रवेश, परीक्षा व बँकव्यवहार यांच्या नोंदी डेटाबेसमध्ये होतात आणि बहुतेक नोंदींना टाइमस्टॅम्प, म्हणजेच दिनांक व वेळ, जोडलेला असतो. ही वेळ किती सूक्ष्म ठेवावी, या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक आढावा :
१९७१ च्या युनिक्स पुस्तिकेत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजलेली आढळते. ३२ बिटांच्या जागेत ही गणना सुमारे सव्वादोन वर्षांतच संपत असे. म्हणून पुढे सेकंद हे एकक आणि १ जानेवारी १९७० हा आरंभ स्वीकारला गेला. दीर्घ काळ सामावण्यासाठी सूक्ष्मतेचा त्याग करावा लागला. १९९२ च्या एसक्यूएल मानकाने सेकंदाची किती दशांश स्थळे ठेवावीत हे ठरविण्याचा अधिकार वापरकर्त्यास दिला. तथापि सर्व प्रणालींनी तो तत्काळ अमलात आणला नाही. मायएसक्यूएलमध्ये सेकंदाचा अपूर्णांक साठविण्याची सोय २०११ मध्ये, ५.६.४ या आवृत्तीत आली. तत्पूर्वी तो भाग साठविताना गळून पडत असे.

शोधप्रश्नातील परिणाम :
एसक्यूएल सर्व्हरमधील जुना 'डेटटाइम' हा प्रकार सेकंदाच्या सुमारे तीनशेव्या भागापर्यंतच वेळ ठेवतो. ३१ डिसेंबरची २३:५९:५९.९९९ ही वेळ अंतिम मर्यादा म्हणून दिल्यास तिचे रूपांतर १ जानेवारीच्या ००:०० मध्ये होते. परिणामी नेमक्या त्या क्षणाची, नव्या वर्षातील नोंदही जुन्या वर्षाच्या अहवालात शिरते. यावर उपाय सोपा आहे. '१ जानेवारीपूर्वीच्या सर्व नोंदी' अशी मर्यादा घातल्यास सूक्ष्मता कोणतीही असली तरी उत्तर बदलत नाही.

इतिहास-संशोधकास याची उलट बाजूही जाणवते. ज्या पेशवेकालीन पत्रावर केवळ तिथी आहे, ते टाइमस्टॅम्पच्या रकान्यात भरल्यास त्यास ००:००:०० ही वेळ चिकटते. पंचांगातील वार तर सूर्योदयास बदलतो. म्हणजे मूळ लेखकाने कधीही न नोंदविलेली मध्यरात्र त्या पत्राच्या माथी येते, आणि पुढील अभ्यासक तीच पुरावा म्हणून वापरण्याचा धोका संभवतो. यासाठी मूळ तिथी जशीच्या तशी ठेवून, नोंद वर्षापर्यंत, दिवसापर्यंत की घटकेपर्यंत निश्चित आहे, हे दर्शविणारा स्वतंत्र रकाना असणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :
सूक्ष्मता कमी असणे हा नोंदीचा दोष नव्हे. ती न सांगता घटविणे अथवा वाढविणे हा मात्र दोष ठरतो. महाविद्यालयीन दप्तरे व ऐतिहासिक कागदपत्रे संगणकावर आणताना हा निर्णय केवळ तंत्रज्ञांवर न सोपविता त्या त्या विषयाच्या अभ्यासकांनीही त्यात सहभागी व्हावे, असे वाटते.