मूळ गावाचा कागद

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत मूळ गावाची एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गावी वाडा होता, वाड्यापुढे विहीर होती, भाऊबंदांनी फसवले आणि पूर्वज नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडले. कोणी शिंदे, होळकर, गायकवाडांच्या फौजेबरोबर आले, कोणी त्यांच्या दफ्तरात कारकुनी करावयास आले; पुष्कळजण पुढे रेल्वे, टपालखाते आणि गिरण्यांच्या नोकरीनिमित्त आले. कथा गोड असते. तिच्यात साल मात्र नसते आणि भाऊबंदांची बाजूही नसते.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा वृत्तान्त मराठीत कोरविला. राजघराण्याला भिंत मिळाली. सामान्य घराण्याचा वृत्तान्त तलाठ्याच्या दप्तरात, मोजणीच्या कागदांत आणि न्यायालयाच्या अभिलेखकक्षात विखुरलेला असतो, आणि तो गोळा करण्याची एक रीत आहे.

आरंभ घरातूनच करावा लागतो. जुन्या ट्रंकेतील खरेदीखत, दत्तकपत्र, वाटणीपत्र, एखादी लग्नपत्रिका, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला यांतून गाव, तालुका आणि खापरपणज्याचे नाव एवढे तरी हाती यावे. शाळांच्या जनरल रजिस्टरमधील जन्मस्थळाचा रकाना या कामी अनेकदा उपयोगी पडतो. एकाच नावाची गावे महाराष्ट्रात डझनावारी आहेत. तालुका ठाऊक नसेल तर शोध तेथेच अडतो.

गाव निश्चित झाल्यावर पहिला कागद म्हणजे सातबारा. चालू उतारा आज घरबसल्या संगणकावर दिसतो आणि अनेक जिल्ह्यांतील जुने उतारेही छायांकित झाले आहेत. पण सातबारा केवळ आजचा धनी सांगतो. खरा इतिहास त्यावर वर्तुळात लिहिलेल्या लहान आकड्यांत असतो. ते फेरफारांचे क्रमांक होत. प्रत्येक क्रमांकाची नोंद काढून मागे मागे गेले की कोण केव्हा वारला, वारस कोण लागले, कोणी कर्ज काढले, कोणत्या बहिणीने हक्क सोडला, हे उलगडू लागते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा. त्यामुळे ही साखळी साधारणतः विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोहोचते. त्याआधीची जमीनमोजणी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेल्या पद्धतीची. तिची टिपणे व आकारबंद भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. मराठवाड्यात मात्र निजामी अमदानीचे उर्दू कागद, तर नागपूर भागात मालगुजारीचे कागद पाहावे लागतात. तेथे ही वाट वेगळी आहे.

इनामदार किंवा वतनदार घराण्यांसाठी एक मोठेच भांडार आहे. इनामे खरी की खोटी हे तपासण्यासाठी इंग्रज सरकारने नेमलेल्या इनाम कमिशनला 1852 च्या कायद्याने व्यापक अधिकार मिळाले. हक्क टिकवावयाचा तर कैफियत द्यावी लागे आणि मूळ धारकापासूनचा वारसा दाखविण्यासाठी वंशावळही जोडावी लागे. सरकारचा हेतू महसूल वाढविण्याचा होता. परंतु त्यामुळेच असंख्य घराण्यांच्या वंशावळी कागदावर आल्या. पुण्याच्या पुरालेखागारातील हे कागद आणि पेशवे दफ्तर बव्हंशी मोडीत आहे. मोडीत शब्द तोडलेले नसतात, वेलांट्या ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहीत. सरावासाठी सहा महिने लागतात, पण तेवढे द्यावेच लागतात. कालगणनाही शिकावी लागते. ‘खमस सबैन व अलफ’ म्हणजे शुहूर सन 1075. त्यात 599 मिळविले की 1674, शिवराज्याभिषेकाचे वर्ष. शुहूर सन मृगापासून सुरू होत असल्याने जानेवारीनंतरच्या तारखेस 600 मिळवावे लागतात. या एका वर्षाच्या चुकीने वंशावळीत बाप मुलाआधी दहा महिने निवर्ततो.

न्यायाचे कागद अधिक बोलके. शिवकाल व पेशवाईत वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई आणि महजर होई. त्याखाली साक्षीदारांच्या नावांपुढे निशाण्या असत : पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, सुताराचे किकरे. एका महजरावरून गावचे अर्धे बलुते डोळ्यांपुढे उभे राहते. इंग्रजी अमदानीत ती जागा दिवाणी दाव्यांनी घेतली. पुण्याच्या ताईमहाराज प्रकरणात बाबामहाराज 1897 मध्ये वारले, 1901 मध्ये औरंगाबादेस दत्तविधान झाले, आणि ते झालेच की नाही यावरील वाद 1915 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने संपविला. लोकमान्यांमुळे ते प्रकरण गाजले, पण तशाच स्वरूपाचे, कोणी न वाचलेले दावे जिल्हा न्यायालयांतून पडून आहेत. नकलेसाठी दाव्याचा क्रमांक, वर्ष आणि पक्षकारांची नावे लागतात. फेरफारात हुकूमनाम्याचा उल्लेख असेल तर ती तेथूनच मिळतात.

कौटुंबिक कथेची खरी परीक्षा येथे होते. भाऊबंदांनी फसविल्याची कथा ज्या घरात सांगतात, त्याच घराच्या कागदांत पोटगीसाठी दिरांवर दावा लावलेली विधवा आढळू शकते. तिचे नाव वंशावळीत नसते, कारण वंशावळ पुरुषांचीच लिहीत. दाव्यात मात्र ती वादी असते, अंगठ्यानिशी. ‘जमीन कुळाने लाटली’ असे सांगणाऱ्यांना 1 एप्रिल 1957 या कृषकदिनानंतरच्या फेरफारात त्याच कुळाने हप्त्याहप्त्याने भरलेली किंमत वाचावी लागते, आणि पीकपाहणीत त्याच्याच वडिलांचे नाव त्याआधी कित्येक वर्षे आढळते.

ज्यांच्या नावे जमीनच नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. महार वतनाच्या नोंदी मात्र तपशीलवार आहेत, कारण त्या चाकरीच्या नोंदी होत्या. 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. गावकीची ही वतने रद्द करणारा कायदा पुढे 1958 मध्ये झाला. त्या जमिनींच्या पुनर्प्रदानाच्या फेरफारांत कित्येक कुटुंबांच्या तीन पिढ्यांची नावे ओळीने सापडतात. इनामदाराच्या नातवाला जे शोधावयास मोडी लागते, ते येथे देवनागरीत, तलाठ्याच्या स्वच्छ अक्षरात असते.

तालुक्याला जाताना गट क्रमांकाबरोबर जुना सर्व्हे क्रमांकही लिहून न्यावा. एकत्रीकरणानंतर क्रमांक बदलले आहेत, आणि नक्कल मागताना कारकून पहिला प्रश्न तोच विचारतो.