पश्चात्ताप कुणी करायचा?

यवत सोडून गाडी सोलापूरकडं निघाली की थोड्याच वेळात केडगाव लागतं. आमच्या भागात केडगाव म्हणजे रमाबाईंचं मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली इथं आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. त्यांना भाकर दिली, अक्षर दिलं, हाताला काम दिलं. हे नाकारणारा करंटा.

पण माझा प्रश्न वेगळा आहे. जून १९०५ मध्ये या मिशनात मोठी धर्मजागृती झाली. मुली रडत, आक्रोश करत आपली पापं कबूल करू लागल्या. एकीच्या अंगावर आग दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असं मिशनच्याच लोकांनी लिहून ठेवलंय. दुष्काळानं रस्त्यावर फेकलेल्या या पोरींनी असं कुठलं पाप केलं होतं? त्याच रमाबाईंनी १८८७ सालच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात उच्चवर्णीय बाईच्या हालाचा दोष शास्त्रांच्या आणि रूढींच्या पदरात घातला होता. मग कबुली द्यायला पोरी का उभ्या?

शब्द तपासू. शुभवर्तमानातला मूळ ग्रीक शब्द आहे मेटानोइया. म्हणजे मन पालटणं. मराठीत त्याचा झाला पश्चात्ताप, म्हणजे मागाहून होणारा ताप. पालटणं गेलं, जळणं तेवढं राहिलं.

आणि त्याच शुभवर्तमानात योहान पश्चात्ताप म्हणजे काय ते सांगतो. दोन अंगरखेवाल्यानं एक द्यावा, जकातवाल्यानं जादा वसुली करू नये, शिपायानं गरिबाला लुबाडू नये. म्हणजे पश्चात्ताप आधी कुणाच्या दारात जातो? ज्याच्याकडं आहे, त्याच्या.

बाबासाहेबांनी ही गोम नेमकी पकडली. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचं त्यांचं लिखाण १९८९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या पाचव्या खंडात आलं. मित्रांनो, ते मिळवून वाचा. धर्मांतरित अस्पृश्याला शिकवलं गेलं की तुझ्या पतनाचं कारण तुझं पाप आहे, भोवतीची व्यवस्था नाही. म्हणून तो अन्यायाविरुद्ध उठला नाही, असा त्यांचा मुद्दा. भटजी म्हणाला मागल्या जन्माचं कर्म, पाद्री म्हणाला आदामाचं पाप. दोघांच्या हिशेबात पाणवठा बंद करणारा सुटला!

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या लोकांकडून बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यात पापाची कबुली नाही. जुने देव सोडले, समता मानली, प्रज्ञा-शील-करुणेनं जगायचं ठरलं. मेटानोइयाचा खरा अर्थ मला तिथं सापडतो. मन पालटलं, मान खाली गेली नाही.

आपण माणसं आहोत, चुका आपल्याही होतात. त्या सुधारायला शील आहे. पण ज्यांनी आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं त्यांच्या वाट्याचा पश्चात्ताप आपण का करायचा? तो त्यांनी करावा. आणि नुसतं डोळ्यांतून पाणी काढून भागणार नाही. जमीन, पाणी, शिक्षण यातला आमचा वाटा मोजून द्यावा, मग बोलू.