प्रवरेची माती आणि सागराची बखर

गाव ओस पडले, की इतिहासकाराची लेखणी बहुधा तेथेच थांबते. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी वसलेल्या दायमाबादची कथा मात्र तेथे संपत नाही. तिचे पुढचे पान बंगालच्या उपसागराच्या तळाशी आहे.

दायमाबादचे पांढरीचे टेकाड १९५८ साली उजेडात आले आणि १९७९ पर्यंत तेथे तीन वेळा उत्खनन झाले. संगमनेरजवळील जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जाणारी कृषिसंस्कृती येथे इ. स. पूर्व १४०० ते १००० च्या सुमारास नांदली; मग वस्ती उठली. शेतकरी गेले, पण त्यांच्या शेतांची माती कोठे गेली?

रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते, आणि गोदावरी आपला गाळ पूर्वसमुद्राच्या स्वाधीन करते. २००६ साली गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे साडेबाराशे मीटर खोल पाण्याखालून, चिखलाचा एक उभा स्तंभ वर काढण्यात आला. त्यात फोरॅमिनिफेरा नामक एकपेशीय जीवांची चुन्याची कवचे होती. यांतील काही जाती समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगतात. मरणानंतर त्यांची वाळूच्या कणाएवढी कवचे गाळात बसतात. कवचांतील किरणोत्सर्गी कार्बनावरून थराचे वय कळते. त्यांतील जड व हलक्या प्राणवायूच्या प्रमाणावरून नद्यांनी गोडे पाणी किती आणले, म्हणजेच पाऊसमान कसे होते, याचा अंदाज बांधता येतो. गाळातील निओडिमियम धातूच्या परीक्षणावरून ती माती दख्खनच्या काळ्या कातळाची, की पूर्वेकडील अतिप्राचीन खडकांची, हेही ओळखता येते.

२०१२ आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निघालेला निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. गेल्या सुमारे चार हजार वर्षांत पाऊसमान घटले, तरी जमिनीची धूप कमी न होता वाढली. झाडोरा विरळ झाला आणि उघड्या जमिनीवर कोसळणाऱ्या सरींनी माती धुऊन नेली. पुढे नवाश्मयुगात दख्खनवर आलेल्या शेतीने आणि लोहयुगात झालेल्या तिच्या विस्ताराने त्यात भर घातली. आरंभ निसर्गाने केला. हातभार माणसाने लावला.

हा गाळ सबंध गोदावरी खोऱ्याचा आहे. म्हणून दोष एकट्या दायमाबादच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि त्या हिशेबात त्याचाही वाटा आहे. आज प्रवरेच्या गाळाला वाटेतच, १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर अडवतो. सागरतळी उमटणारी ती नोंद आता घराच्या उंबऱ्याशी उमटत आहे. ती वाचण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नाही.