लाखेच्या वाटेवरचं सोनं

नवेगाव बांधच्या बाजूच्या रानांत पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो. त्याची लाल लाख खरवडून बाजारात नेणं हा गोंदियाकडचा जुना धंदा. आफ्रिकेतल्या अक्सुम राज्याच्या सुवर्णनाण्याचा माग मला याच लाखेपासून काढावासा वाटतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तांबड्या समुद्रावरच्या अदुलिस या अक्सुमच्या बंदराची आयात दिली आहे. आरियाके देशाच्या, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या, आतल्या मुलखातून तिथे लोखंड, पोलाद, सुती कापड आणि रंगाची लाख जात असे. अदुलिसहून हस्तिदंत, गेंड्याची शिंगं आणि कासवाची पाठ निघे. ही लाख नेमक्या कोणत्या रानातली, हे ग्रंथ सांगत नाही. पण लाख रानातच होते, बंदरात नाही, आणि ती खरवडणारे हातही रानातलेच.

अक्सुमचं राज्य आजच्या इथिओपिया-एरिट्रियात होतं. तिथे तिसऱ्या शतकाच्या अखेरीस एंडुबिस राजाने स्वतःचं सोन्याचं नाणं पाडलं. सहाराच्या दक्षिणेला एवढ्या जुन्या काळात स्वतःचं सुवर्णनाणं दुसऱ्या कोणी पाडल्याचं दिसत नाही. लहानसं, सुमारे 2.7 ग्रॅमचं हे नाणं. दोन्ही बाजूंना राजाचा चेहरा, त्याच्या दोन्ही अंगांना धान्याची ताटं, वर चंद्रकोर आणि चकती. अक्षरं ग्रीक, कारण नाणं परदेशी व्यापाऱ्याने वाचायचं होतं. चौथ्या शतकात एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला. क्रूस मिरवणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या नाण्यांत त्याची गणना होते. तोवर वजनही घटून दीड ग्रॅमच्या आसपास उतरलं होतं. राजाचा धर्म बदलल्याची बातमी एवढ्याशा सोन्यावरून समुद्रापार पोचली, हे मला फार मोलाचं वाटतं.

ही नाणी इथिओपियापेक्षा येमेनच्या भूमीत जास्त सापडतात, आणि काही थेट भारतात, मंगळूरला मिळालेली आहेत. उलट दिशेचा पुरावाही भक्कम आहे: इथिओपियातल्या देब्रे दामो मठात उत्तर भारतातल्या कुषाण राजांची शंभराहून अधिक सुवर्णनाणी निघाली. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा व्यापारी अदुलिसला गेला होता. त्याने आपल्या कल्याणचंही नाव घेतलं आहे. कल्याणहून तांबं, लाकूड आणि कापड जातं, असं तो लिहितो. सातव्या शतकात अक्सुमची टाकसाळ थंडावली. पुढच्या काळात हबशी, म्हणजे इथिओपियाकडची, माणसं याच समुद्रावरून दख्खनेत आली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर त्यांतला सर्वांत मोठा.

पुन्हा नाण्यांकडे येऊ. परदेशी सोनं आपल्याकडे नुसतं पुरून ठेवलं जात नव्हतं. दक्षिणेत सापडलेल्या कितीतरी रोमी नाण्यांना गळ्यात घालण्यासाठी भोकं पाडलेली आहेत. पुढे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांची पुतळीमाळ मराठी घरांत आली, ती याच हौसेची पुढची पायरी. भोक पाडलेलं नाणं इतिहासाला तरी उरतं. आटवलेलं मात्र कायमचं जातं.

म्हणून एक विनंती. शेतात नांगरताना, तळ्याचा गाळ काढताना अनोळखी नाणं मिळालं तर सोनाराकडे नेऊ नका. 1878च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. सापडलेली जागा नीट लक्षात ठेवा आणि नाणं घासून चकचकीत करू नका.