लुसो-हिस्पॅनिक अध्ययन म्हणजे काय?

मुलगा किंवा मुलगी पोर्तुगीज शिकते असे कोणी सांगितले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो नोकरीचा आणि दुसरा पोर्तुगीज पासपोर्टचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण या भाषांभोवती विद्यापीठांत एक वेगळाच विषय उभा राहिलेला आहे आणि त्याची माहिती आपल्या कुटुंबांत फारशी पोचलेली नाही, म्हणून हा लेख.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषा बोलणाऱ्या समाजांचा इतिहास, साहित्य, कायदा, भूगोल, समाजशास्त्र आणि कला या सर्वांच्या साहाय्याने एकत्रित अभ्यास म्हणजे लुसो-हिस्पॅनिक अध्ययन. 'लुसो' हे पोर्तुगालच्या लुसितानिया या रोमन काळातील नावावरून आले, 'हिस्पॅनिक' हे हिस्पानिया या नावावरून. काही विद्यापीठे याला 'इबेरियन आणि लॅटिन अमेरिकन अध्ययन' म्हणतात. नुसत्या पोर्तुगीज बाजूपुरते बोलायचे तर 'लुसोफोन अध्ययन' हा शब्द चालतो.

दोन भाषा एकत्र का, याचे कारण इतिहासात आहे. १४९४ मध्ये तोर्देसिल्यासच्या तहाने स्पेन व पोर्तुगाल यांनी समुद्रापलीकडचे जग आपसांत वाटून घेतले. १५८० ते १६४० ही साठ वर्षे दोन्ही देश एकाच राजाच्या अंमलाखाली होते, म्हणजे त्या काळात गोव्याचा राजाही माद्रिदच्या दरबारातलाच. आज स्पेन धरून वीस देशांत स्पॅनिश ही राजभाषा आहे. पोर्तुगीज ब्राझील, अंगोला, मोझांबिकपासून पूर्व तिमोरपर्यंत चालते. एवढा पसारा एका शास्त्राच्या आवाक्यात येत नाही.

विषयाला पैसा मात्र राजकारणाने मिळाला. अमेरिकेत १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने परकीय भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासाला सरकारी मदत सुरू झाली. पुढल्याच वर्षी क्यूबात क्रांती झाली आणि लॅटिन अमेरिकेकडे सर्वांचे लक्ष गेले. ब्रिटनमध्ये १९६५ च्या पॅरी समितीच्या अहवालानंतर ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडन, लिव्हरपूल आणि ग्लासगो येथे लॅटिन अमेरिकेच्या अभ्यासाची केंद्रे निघाली.

अनेक शास्त्रे एकत्र आणल्याने हाती काय लागते, हे सांगायला आमच्या मते गोव्याइतके चांगले उदाहरण नाही. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटना बदलून आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' हे नाव दिले. भारत गोवा मागत होता आणि लिस्बनचे म्हणणे होते की गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच भाग आहे. या म्हणण्याला विद्वत्तेचा टेकू हवा होता. तो मिळाला ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेरी यांच्याकडून. १९३३ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्यांनी ब्राझीलचा समाज पोर्तुगीज, आफ्रिकी आणि मूळनिवासी यांच्या मिश्रणातून कसा घडला ते मांडले होते. पोर्तुगीज सरकारच्या निमंत्रणावरून १९५१-५२ मध्ये ते आफ्रिकेतील वसाहती आणि गोवा पाहून गेले. उष्ण प्रदेशातील लोकांत मिसळून जाण्याची पोर्तुगीजांची वृत्ती खास आहे, असा त्यांचा सिद्धांत. त्याचे नाव 'लुसो-ट्रॉपिकल'. सालाझार सरकारने तो उचलून धरला.

मग १९५५-५६ मध्ये ओर्लांदो रिबेरू हे लिस्बनचे भूगोलतज्ज्ञ सरकारच्याच वतीने गोव्यात आले. भूगोलाचा माणूस भाषण करण्याआधी गावे पाहतो. त्यांनी शेती, वस्ती, घरांत बोलली जाणारी भाषा, धर्म हे सर्व पाहिले आणि सरकारला अहवाल दिला. आपण पाहिलेल्या पोर्तुगीज प्रदेशांत गोवा हा सर्वांत कमी पोर्तुगीज वाटला, पोर्तुगीज भाषा थोड्यांनाच येते, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. आपल्याच सरकारला हे सांगायला धैर्य लागते. अहवाल पुस्तकरूपाने बाहेर आला तो १९९९ मध्ये.

तिसरे चार्ल्स बॉक्सर. हे ब्रिटिश लष्करी अधिकारी, १९४१ मध्ये हाँगकाँगच्या लढाईत जखमी होऊन जपान्यांच्या कैदेत गेले. विद्यापीठाची पदवी नसतानाही १९४७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात पोर्तुगीजच्या कॅमोइश अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. पोर्तुगीज साम्राज्यात वर्णभेद नव्हता या सरकारी दाव्याला त्यांनी १९६३ च्या पुस्तकात जुन्या कागदपत्रांनिशी उत्तर दिले. पोर्तुगालमध्ये मोठा गदारोळ झाला. समाजशास्त्रज्ञाच्या सिद्धांताला भूगोलतज्ज्ञाने गावांत आणि इतिहासकाराने दप्तरांत तपासून पाहिले. नुसती भाषा किंवा नुसता इतिहास शिकणाऱ्याला या वादाची एकच बाजू दिसली असती.

मराठी माणसाने या विषयात काय केले, याचे उत्तर पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९). गोव्याच्या पुराभिलेखागाराचे ते अनेक वर्षे प्रमुख होते. या दप्तराची सुरुवात १५९५ मध्ये दियोगु दु कौतु यांच्या नेमणुकीने झाली. लिस्बनहून मोसमी वाऱ्यांबरोबर येणाऱ्या जहाजांतील पत्रव्यवहाराचे 'मॉन्सून'चे खंड तेथेच आहेत. पिसुर्लेकरांना पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही येत असल्याने संभाजी महाराजांची १६८३ ची गोव्यावरची स्वारी किंवा १७३९ मधील वसईचा पाडाव या घटना दोन्हीकडच्या कागदांतून लिहिता आल्या. त्यांचे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हे पुस्तक पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये काढले. घरात असेल तर जरूर चाळावे.

हे सर्व फक्त जुन्या काळाचे नाही. आम्ही बँकेत असताना गोव्यातील जुन्या घरा-भाटांवर कर्जाचा अर्ज आला की कागदांत दोन क्रमांक हटकून दिसत: एक जमीन नोंदणी कार्यालयातील 'देस्क्रिसांव'चा, दुसरा करवसुलीच्या 'मात्रीझ'चा. मूळ दस्त पोर्तुगीजमध्ये, म्हणून फाईल वकिलाकडे आणि तेथून भाषांतरकाराकडे जाई. गहाणखतावर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागत, कारण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक असते. शिवाय हिंदूंच्या रीतिरिवाजांसाठी १८८० ची वेगळी संहिता होती. वारसाहक्काचा नवा कायदा आपल्या विधानसभेने २०१२ मध्ये केला, तरी हक्काची साखळी मागे नेताना जुनाच कागद वाचावा लागतो. शब्दाला शब्द लावणारा भाषांतरकार आणि त्या शब्दामागचा कायदा जाणणारा, यांत किती फरक पडतो ते वाटणीच्या खटल्यात सापडलेल्या कुटुंबाला विचारावे.

भाषेच्या बाजूने पाहिले तर पगार, चावी, बिजागरी, घमेले, पाव हे शब्द आपण पोर्तुगीजमधून घेतले. काजू आणि अननस त्याही पलीकडचे, ब्राझीलच्या मूळनिवासींच्या तुपी भाषांतून पोर्तुगीजांच्या तोंडी बसून आपल्या बाजारात आले.

शिक्षणाची सोय अशी. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, शिवाय कुन्हा रिव्हारा यांच्या नावाचे अध्यासन आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन आणि लॅटिन अमेरिकन अध्ययनाचे एकत्र केंद्र आहे. दिल्ली विद्यापीठातही या भाषा शिकवतात, आणि हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठात स्पॅनिश. स्पेनची सेर्व्हांतेस संस्था आणि पोर्तुगालची कॅमोइश संस्था आपापल्या भाषांसाठी काम करतात. भाषेची पातळी 'ए-१' ते 'सी-२' अशी मोजली जाते. दप्तरातले कागद वाचायचे तर निदान 'बी-२' आणि वर जुन्या हस्ताक्षराचा सराव हवा, असे आमचे मत. ज्यांना मोडी येते त्यांनी पोर्तुगीज शिकली, किंवा उलट, तर त्यांच्यासाठी पणजीत काम पडून आहे. प्रवेशाच्या तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलते, तेव्हा ते त्या त्या विद्यापीठाकडूनच विचारून घ्यावे.